एक्सएमएल फाइल वारंवार अडते? आधी आतली माहिती कोणत्या घडणीची आहे ते पाहा

एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या भागांना टॅग, म्हणजे <नाव>…</नाव> अशा खुणा, लावून माहिती लिहिण्याची पद्धत. तिच्या फाइलबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सहा महिने नीट चाललेला इम्पोर्ट एके दिवशी ‘मेमरी संपली’ म्हणून बंद पडतो. एखाद्या ग्राहकाच्या नावात & आले की सगळी फाइल नाकारली जाते. वीज गेल्यानंतर लॉगची फाइल उघडतच नाही. पत्त्याच्या तीन ओळी एकमेकींना चिकटून येतात. सह्यांची स्कॅन चित्रे आत घातल्यापासून तीच फाइल एडिटरला पेलत नाही. यावर रॅम वाढवली जाते, पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्रॅम, बदलला जातो, फाइलचे तुकडे केले जातात. काही दिवस निभावते आणि दोष परत येतो, कारण पार्सरचे काम चोख असते. त्याच्या पुढ्यात टाकलेली माहितीच एक्सएमएलच्या घडणीची नसते.

एक्सएमएल १.० ची शिफारस वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर केली. ते एसजीएमएल या जुन्या टॅग-पद्धतीतून आले आणि एसजीएमएल १९८६ साली आयएसओ ८८७९ म्हणून प्रमाणित झाले होते. ही सगळी घराणी दस्तऐवजांची: तांत्रिक पुस्तिका, कायदे, कोश, प्रकाशन. मजकूर वाचकासाठी सलग राहावा आणि त्यातला कुठला भाग काय आहे हे यंत्रालाही कळावे, यासाठी टॅग आले. पुढे इंटरनेटवर माहितीच्या देवाणघेवाणीसाठी दुसरे सोयीचे साधन हाताशी नव्हते, म्हणून तक्ते, लॉग, सेटिंग, मोजमापे, सगळेच त्यात भरले गेले. वरच्या बहुतेक तक्रारी त्या भरण्यातून आल्या आहेत.

(पुढच्या नमुन्यांत टॅगची नावे मराठीत आहेत. प्रमाणानुसार देवनागरी नावे वैध आहेत, फक्त नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही.)

दुरुस्तीआधीची तपासणी

अख्खी फाइल उघडू नका. पहिल्या शंभर ओळी आणि मधल्या कुठल्या तरी शंभर ओळी वेगळ्या काढा, आणि त्या वाचताना चार गोष्टी पाहा.

एक, टॅगच्या शेजारी सुटा मजकूर आहे का? म्हणजे वाक्य चालू आहे, मध्येच एक शब्द टॅगमध्ये आहे, आणि वाक्य पुढे चालू राहते. असे असेल तर एक्सएमएल योग्य जागी आहे. दोष मांडणीत शोधा.

दोन, प्रत्येक नोंद हुबेहूब एकाच साच्याची आहे का, तेच पाच-सहा टॅग त्याच क्रमाने? मग हा तक्ता आहे.

तीन, फाइलच्या शेवटी सतत भर पडते का? मग तो लॉग आहे.

चार, टॅगच्या आत वाचता न येणारी अक्षरांची भलीमोठी रांग आहे का? मग ते चित्र, पीडीएफ किंवा ध्वनी आहे.

यासोबत आणखी एक गोष्ट विचारून घ्या: फाइल एकदा बनून पाठवली जाते, की रोज आत बदल होतात? एक्सएमएल पाठवण्यासाठी आणि जपून ठेवण्यासाठी उत्तम आहे. रोज शंभर जण एकाच वेळी बदल करणार असतील तर तिथे डेटाबेस हवा, यात दुमत नको.

लक्षण: मेमरी संपते, इम्पोर्ट तासन्‌तास चालतो

जवळजवळ नेहमी हा तक्ता असतो. एक नोंद पाहा:

  <नोंद>
    <तारीख>2024-04-01</तारीख>
    <ग्राहक>जोशी आणि सन्स</ग्राहक>
    <गाव>सांगली</गाव>
    <रक्कम>1250.00</रक्कम>
  </नोंद>

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची प्रचलित पद्धत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे. त्या हिशोबाने या नोंदीतली खरी माहिती ७० बाइट आहे. टॅग १६३ बाइट, ओळी आणि मोकळ्या जागा २६ बाइट, एकूण २५९. तीच नोंद सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) तीन स्वल्पविराम आणि ओळीचा शेवट धरून ७४ बाइटमध्ये बसते. एक लाख नोंदींना सुमारे २.५९ कोटी बाइट विरुद्ध ७४ लाख बाइट.

पण आकाराने घाबरून जायचे कारण नाही. तेच टॅग पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे झिप केल्यावर हा फरक बराच कमी होतो. खरे दुखणे वाचण्यात आहे. डॉम पद्धतीचा पार्सर संपूर्ण फाइल वाचून प्रत्येक टॅगची, प्रत्येक मजकुराची वेगळी वस्तू मेमरीत उभी करतो, आणि एकाच्या आत एक अशा वस्तूंचे ते झाड मूळ फाइलच्या कितीतरी पट मोठे होते. वरच्या एका नोंदीचे पाच घटक (टॅगची जोडी आणि तिच्या आतले सारे) होतात आणि डॉममध्ये त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांचेही मजकूर-नोड बनतात. म्हणून १०० एमबीची फाइल १ जीबी मोकळ्या मेमरीतही गुदमरू शकते.

तातडीचा उपाय म्हणजे ओघाने, थोडे थोडे वाचणे. त्याची साधने: सॅक्स, जावात स्टॅक्स, पायथनमध्ये इटरपार्स. एक नोंद पूर्ण झाली की ती वापरा आणि सोडून द्या. इथे एक चूक फार होते. इटरपार्स लावूनही मेमरी चढतच राहते, कारण नोंदीवर ‘क्लिअर’ केल्याने ती आतून रिकामी होते, पण रिकामा सांगाडा मूळ घटकाला (सगळ्यांत बाहेरच्या टॅगला) लटकलेलाच असतो. लाखो सांगाडे साठतात. म्हणून सुरुवातीलाच मूळ घटक हाताशी धरून ठेवा आणि दर नोंदीनंतर त्याच्यावर ‘क्लिअर’ चालवा. पायथनची एलएक्सएमएल लायब्ररी वापरत असाल तर आधीची भावंडे (त्याच पातळीवरच्या आधीच्या नोंदी) काढून टाका.

कायमचा उपाय वेगळा. नोंदी आत-बाहेर करायच्या नसून फक्त न्यायच्या असतील तर सीएसव्ही. त्यांच्यात शोधायचे, बेरजा करायच्या असतील तर एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस. एक्सएमएलमध्ये ‘सांगलीचे सगळे ग्राहक’ शोधायला दरवेळी फाइल पहिल्या अक्षरापासून वाचावी लागते, एसक्यूलाइटमध्ये गावाच्या रकान्यावर इंडेक्स टाकला की संपले. नोंदीच्या आत नोंदी असतील, जसे बिल आणि त्यातल्या मालाच्या ओळी, तर जेसन सोयीचे: त्यात नाव आणि किंमत अशा जोड्या एकात एक लिहिता येतात.

या वाटेने सरकारी कामही गेले आहे. आयकर विवरणपत्रांच्या ऑफलाइन युटिलिटी आधी एक्सएमएल बनवत. कर निर्धारण वर्ष २०२१-२२ पासून त्या जेसन बनवतात. जीएसटीची विवरणपत्रे आणि ई-इनव्हॉइस जेसनमध्येच जातात.

मात्र समोरचा पक्ष एक्सएमएल मागत असेल तर वाद घालू नका. रिझर्व्ह बँकेची २०१३ पासूनची आरटीजीएस यंत्रणा आयएसओ २००२२ (आर्थिक संदेशांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण) प्रकारचे संदेश वापरते, आणि ते एक्सएमएलमध्ये असतात. एक संदेश म्हणजे थोडी माहिती, पक्का साचा, दोन अनोळखी यंत्रणांमधला करार. साच्याची तपासणी एक्सएसडीने (साचा लिहून ठेवणारी वेगळी फाइल) आधीच होते, चुकीचा संदेश दारातच अडतो. हे काम एक्सएमएल फार चांगले करते. अशा ठिकाणी आपली माहिती डेटाबेसमध्ये ठेवा आणि पाठवायच्या क्षणी एक्सएमएल तयार करा.

लक्षण: तक्ता हलवला आणि आकडे बिघडले

सीएसव्हीकडे किंवा जेसनकडे जाताना हमखास होणारे चार घोळ:

बँक खात्याचा क्रमांक ही संख्या नाही, मजकूर आहे. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक ठेवते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये घालते. सुरुवातीची शून्येही उडवते. जेसनमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढची पूर्णांक संख्या जावास्क्रिप्टमध्ये बदलू शकते. जेसनमध्ये खाते क्रमांक, पिन कोड, मोबाइल, हे सगळे अवतरणात.

मराठी मजकुराची सीएसव्ही दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि कचरा दिसला, तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चा तीन बाइटचा बीओएम (एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत सांगणारी खूण) नाही. तो घालून साठवा, किंवा ‘डेटा’ टॅबमधून आयात करताना एन्कोडिंग निवडा.

पत्त्यात स्वल्पविराम किंवा नवी ओळ असेल तर तो रकाना दुहेरी अवतरणात हवा, आणि आतले दुहेरी अवतरण दोनदा लिहावे लागते.

रक्कम १२५० अशी देवनागरी अंकांत असेल तर एक्सएसडीचा दशांश प्रकार ती नाकारतो. त्याला 0 ते 9 हेच अंक चालतात. वाचकासाठी देवनागरी, यंत्रासाठी 1250. हे एकाच टॅगमध्ये कसे बसवायचे ते पुढे आहे.

लक्षण: ‘अवैध अक्षर’, ‘नाव अपेक्षित होते’

यात तीन वेगळे दोष एकाच एररच्या मागे लपतात.

पहिला, सुटे &. ‘पाटील & कंपनी’ असे नाव जसेच्या तसे टाकले की पार्सरला पुढे एंटिटीचे (& ने सुरू होऊन अर्धविरामाने संपणाऱ्या संकेताचे) नाव अपेक्षित असते. त्या जागी &#38; लिहावे लागते आणि < साठी &#60;. (या आकड्यांत देवनागरी अंक चालत नाहीत.) फाइल आधीच हातात आली असेल तर सगळ्या & वर सरसकट ‘फाइंड-रिप्लेस’ चालवू नका: आधीच नीट लिहिलेले &#38; बिघडून &#38;#38; होते, आणि पडद्यावर ग्राहकाच्या नावात #38 दिसू लागतो. ज्या & च्या मागोमाग # किंवा नाव आणि अर्धविराम नाही तेवढेच बदला. मूळ कारण मात्र एकच असते: कोणीतरी टॅग आणि मजकूर हाताने जोडून फाइल बनवतो आहे. लिहिण्याचे काम लायब्ररीकडे सोपवले की हा दोष पुन्हा येत नाही.

दुसरा, नियंत्रण-अक्षरे, म्हणजे पडद्यावर न दिसणारे संगणकी संकेत. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या क्रमांकांपैकी फक्त ९, १० आणि १३ चालतात: टॅब आणि ओळ संपवणारी दोन. बाकीची &#4; अशी आकड्यात लिहूनही चालत नाहीत. पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात अशी अक्षरे येतात. टॅलीतून निघालेल्या एक्सएमएलमध्ये ‘लागू नाही’ सारख्या राखीव मूल्यांच्या आधी &#4; असतो; टॅली ते स्वतः ओळखते, पण काटेकोर पार्सर तिथेच थांबतो. उपाय: पार्सरला देण्याआधी फाइल साधा मजकूर म्हणून वाचा, &#4; काढा, मग पार्स करा. फाइल यूटीएफ-१६ मध्ये असेल तर आधी त्या एन्कोडिंगने उघडा, नाहीतर शोध रिकामा येईल आणि दोष दुसरीकडेच असल्याचा भास होईल. सीडेटा विभागात (आतला मजकूर जसाच्या तसा घ्या असे पार्सरला सांगणारा भाग) गुंडाळून ही अक्षरे लपत नाहीत; सीडेटा & आणि < ला संरक्षण देतो, अवैध अक्षरांना नाही. एक्सएमएल १.१ मध्ये शून्य सोडून ती आकड्यांच्या रूपात चालतात, पण १.१ वाचणारी साधने इतकी थोडी आहेत की त्या वाटेला जाऊ नये.

तिसरा दोष मराठी छपाईकडून येतो. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर युनिकोड नसतो. फाँट लॅटिन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. त्या मजकुरात < किंवा & हे एखाद्या अक्षराचे रूप असू शकते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला, एका जाणत्या माणसाकडून जोडाक्षरे आणि रफार तपासून घ्या, आणि मगच टॅग लावा. क्रम उलटा केला तर परिवर्तक टॅगही ‘बदलून’ टाकतो.

लक्षण: चित्र, सही किंवा पीडीएफ आत घातल्यावर फाइल वाचता येत नाही

वर सांगितलेल्या अक्षरबंदीमुळे बायनरी माहिती एक्सएमएलमध्ये थेट ठेवताच येत नाही. ती बेस६४ करावी लागते: ३ बाइटची ४ अक्षरे, म्हणजे एक तृतीयांश वाढ. ६ एमबीचा फोटो ८ एमबी होतो. शिवाय लिबएक्सएमएल२ या लायब्ररीवर आधारलेले पार्सर एका मजकूर-नोडला मुळात १ कोटी बाइटची मर्यादा घालतात, त्यामुळे मूळ चित्र सुमारे ७५ लाख बाइटच्या पुढे गेले की पार्सिंग थांबते. छोट्या फोटोंवर चाचणी यशस्वी होते आणि प्रत्यक्ष कामात फाइल नाकारली जाते, याचे कारण बहुधा हेच. मर्यादा उठवण्याचा पर्याय आहे, पण बाहेरून आलेल्या फाइलसाठी तो वापरू नका.

योग्य रचना वर्डच्या फाइलमध्ये पाहायला मिळते. डॉक्सएक्स फाइलच्या एका प्रतीचे एक्स्टेन्शन झिप करून उघडा: मजकूर एक्सएमएलमध्ये, चित्रे ‘मीडिया’ फोल्डरमध्ये मूळ स्वरूपात, आणि एक्सएमएलमध्ये चित्राचा केवळ संदर्भ. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलचीही घडण तशीच. तुमच्या कामातही हेच करा: एक झिप, आत एक एक्सएमएल, शेजारी चित्रे, आणि प्रत्येक चित्राचे नाव व चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा) एक्सएमएलमध्ये.

बेस६४ला एक रास्त जागा आहे. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसी फाइलमध्ये छोटा फोटो आतच असतो, कारण फोटोसकट सगळ्या माहितीवर एक डिजिटल सही हवी असते. फोटो लहान, फाइल एकदाच बनणारी, आणि सगळे एकत्र राहणे गरजेचे: तिन्ही अटी जुळतात तेव्हा हरकत नाही.

लक्षण: वीज गेली, लॉग गेला

एक्सएमएल फाइलला एकच मूळ घटक असतो आणि तो बंद झाल्याशिवाय फाइल वैध होत नाही. म्हणजे शेवटी नोंद जोडायची तर आधी बंद होणारा टॅग खोडायचा, नोंद लिहायची, टॅग पुन्हा लिहायचा. या मधल्या क्षणी यंत्र थांबले की अख्खी फाइल अवैध. दोन लॉग एकामागे एक जोडले तरी तेच: दोन मूळ घटक होतात, आणि दुसऱ्या फाइलची एक्सएमएल घोषणा (आवृत्ती सांगणारी पहिली ओळ) मध्येच येते. ती फक्त अगदी सुरुवातीलाच चालते, तिच्या आधी एक मोकळी जागाही नको.

तुटलेली फाइल वाचवायची असेल तर प्रत काढा, शेवटची पूर्ण </नोंद> शोधा, तिच्यापुढचे सारे काढा आणि मूळ टॅग बंद करा. पुढच्या लॉगसाठी मात्र ओळीला एक जेसन किंवा साधा मजकूर वापरा. तिथे अर्धवट राहिली तर शेवटची एकच ओळ जाते.

सेन्सर आणि जीपीएसची मोजमापे याच जातीची, फक्त संख्येने अफाट. सेकंदाला एक वाचन घेतले तर दिवसाला ८६,४०० वाचने, आणि प्रत्येकाभोवती तीन-चार टॅग. एक्सएमएल घराण्यातल्याच जाणत्या रचनांनी इथे आकड्यांना टॅग लावणे टाळले आहे. रेखाचित्रांच्या एसव्हीजीमध्ये रेषेचा सगळा मार्ग एकाच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आतच लिहिलेल्या नाव="किंमत" अशा जोडीत) आकड्यांची माळ म्हणून असतो. नकाशांच्या केएमएलमध्ये मार्गाचे सारे बिंदू एकाच टॅगमध्ये मोकळ्या जागा देऊन लिहितात. (तिथे रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलट लिहिले तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.) वर्णन एक्सएमएलमध्ये आणि आकडे एकगठ्ठा, ही विभागणी तुमच्याही कामाला येईल.

लक्षण: पत्त्याच्या ओळी एकत्र होतात

पत्ता अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आहे. अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीतली नवी ओळ पार्सर मोकळ्या जागेत बदलतो. हा प्रमाणाचाच नियम आहे. पत्ता घटकात हलवा, आणि ते शक्य नसेल तर नव्या ओळीच्या जागी &#10; लिहा. यावरून ढोबळ नियम असा: ओळखक्रमांक, भाषा, प्रमाण तारीख अशा लहान, यंत्रासाठीच्या गोष्टी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, माणसाने वाचायचा मजकूर घटकात. अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम टिकेल असे गृहीत धरू नका, घटकांचा क्रम टिकतो.

लक्षण: मजकुराचे काम, एक्सएमएल योग्य, तरी सतत तुटते

करारनामे, ठराव, कोश, हस्तलिखितांच्या प्रती, कायद्यांची कलमे ही एक्सएमएलची खरी जागा. इथे दुसरे काही वापरण्याचा मोह टाळा.

<कलम>हा करार <दिनांक मूल्य="2024-06-03">३ जून २०२४</दिनांक> रोजी <गाव>वाई</गाव> येथे झाला असून मासिक भाडे <रक्कम मूल्य="1250.00">१२५० रुपये</रक्कम> राहील.</कलम>

वाचकाला देवनागरी आकडे दिसतात, यंत्राला हवे ते अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मिळते, आणि टॅग काढले तरी वाक्य अखंड राहते. हेच जेसनमध्ये लिहायला गेलात तर वाक्याचे सात तुकडे करून त्यांची यादी करावी लागते, आणि संपादकाला ते तुकडे वाचता येत नाहीत. डेटाबेसच्या एका रकान्यात एचटीएमएलची माळ कोंबणे हा त्याहून वाईट मार्ग. शोध चालत नाही, तपासणी होत नाही, आणि पाच वर्षांनी आतला कुठला टॅग कशासाठी होता हे सांगणारे कोणी उरत नाही.

इथे येणारे दोष तीन.

आडवे-तिडवे टॅग. ओवीत वाक्य एका चरणात सुरू होऊन दुसऱ्यात संपते. छापील पान परिच्छेदाच्या मध्ये बदलते. <चरण> आणि <वाक्य> दोन्ही लावायला गेलात की एक बंद होण्याआधी दुसरा उघडतो, आणि एक्सएमएलमध्ये टॅगांनी एकमेकांना छेदणे मान्यच नाही. कारण मूळ रचना झाडाची आहे. प्रत्येक घटकाला एकच आई. उपाय: दोनपैकी कामाला महत्त्वाची रचना कोणती ते ठरवा, तिला पूर्ण टॅग द्या, आणि दुसरीला जागा दाखवणारा रिकामा टॅग.

<परिच्छेद>जमिनीची मोज<पान क्र="47"/>णी तालुक्याच्या कचेरीत झाली.</परिच्छेद>

पान शब्दाच्या मध्ये बदलले तर टॅगच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नका. ग्रंथांच्या डिजिटल प्रतींसाठी टीईआय या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची मार्गदर्शक तत्त्वे अशाच रिकाम्या टॅगांचा वापर करतात.

विभक्तिप्रत्यय. मराठीत नाव आणि प्रत्यय एकजीव होतात, त्यामुळे <व्यक्ती>सावित्रीबाई</व्यक्ती>ंनी असे लिहिले तर टॅगनंतरचा मजकूर अनुस्वाराने सुरू होतो. पार्सर तक्रार करत नाही, पण पडद्यावर अनुस्वाराखाली ठिपक्यांचे वर्तुळ येऊ शकते आणि शोधही चुकतो. ‘सातारा’ चे ‘साताऱ्यात’ होते तिथे तर नाव तोडून टॅगमध्ये घालताच येत नाही. म्हणून पूर्ण पद टॅगमध्ये घ्या आणि मूळ रूप अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवा:

<व्यक्ती मूळ="सावित्रीबाई">सावित्रीबाईंनी</व्यक्ती> … <गाव मूळ="सातारा">साताऱ्यात</गाव>

यामुळे सूचीही आपोआप करता येते. मराठी मजकुराच्या कामात ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर हजारो जागी सुधारणे फार कष्टाचे असते.

सुशोभीकरण. एडिटरमधले ‘फॉरमॅट’ किंवा ‘प्रिटी प्रिंट’ बटण तक्त्याला चालते, मिश्र मजकुराला (वाक्याच्या मध्ये टॅग असलेल्या) घातक ठरू शकते. साधन टॅगांभोवती नव्या ओळी आणि मोकळ्या जागा घालते, आणि ‘मोजणी’ ची ‘मोज णी’ होते. आपोआप होणारे सुशोभीकरण बंद करा. आधीच बिघडले असेल तर जुन्या प्रतीशी तुलना करा; केवळ नियम लावून कुठली जागा खरी आणि कुठली घुसलेली हे ठरवता येत नाही.

नात्यांचे जाळे, आणि बाहेरून आलेली फाइल

वंशावळ, कोण कोणाचा पुरवठादार, कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जोडलेला: एकाला अनेक आया असलेली माहिती झाडात बसत नाही. ओळखक्रमांक देऊन संदर्भ जोडता येतात, पण डीटीडीतला (साचा सांगण्याची जुनी पद्धत) संदर्भ-प्रकार ‘असा क्रमांक फाइलमध्ये कुठेतरी आहे’ एवढेच तपासतो. तो माणसाचा आहे की गावाचा, हे बघत नाही. नाती थोडी असतील तर चालवून घ्या, नाहीतर डेटाबेस.

अनोळखी ठिकाणची फाइल वाचण्याआधी पार्सरमधले डीटीडी आणि बाह्य एंटिटी बंद करा. एंटिटीत एंटिटी दहा-दहा वेळा गुंफून एक केबीहून लहान फाइल मेमरीत सुमारे ३ जीबी होऊ शकते, आणि बाह्य एंटिटीमधून सर्व्हरवरची दुसरी फाइल वाचून घेता येते.

जुना साठा हलवताना

मूळ फाइलचा चेकसम नोंदवा आणि ती फक्त वाचण्यायोग्य करा. नव्या जागी नेल्यावर नोंदींची संख्या दोन्हीकडे मोजा, रकमांची बेरीज ताडून पाहा. रिकामा टॅग आणि नसलेला टॅग या वेगळ्या गोष्टी आहेत. सीएसव्हीमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा कशाचे काय करायचे ते आधी लिहून ठेवा. मग सर्वांत लांब पत्ता, & असलेले नाव, अनुस्वार-रफार असलेले आडनाव आणि ऋण रक्कम अशा मुद्दाम निवडलेल्या नोंदी डोळ्यांनी तपासा.

डिजिटल सही असलेल्या एक्सएमएल फाइल मात्र जशाच्या तशा ठेवा. सही तपासताना होणारे कॅनॉनिकलायझेशन (फाइल एका ठरावीक रूपात आणणे) अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम आणि अवतरणांतला फरक सांभाळून घेते, पण घटकांमधल्या मोकळ्या जागा ते मोजते. सही झालेली फाइल एडिटरमध्ये उघडून, ओळी नीट करून साठवली की मजकुराचे एकही अक्षर न बदलता सही अमान्य होते. पाहायची असेल तर प्रत काढून पाहा, आणि त्यातली माहिती हवी असेल तर आधी मूळ फाइलची सही तपासून मगच डेटाबेसमध्ये घ्या.